"एवढंच?" असं कुणी म्हणालं तर

या वेळचं पत्र नाशिकहून आलंय, एका कीबोर्ड शिकवणाऱ्या ताईंचं. पत्र मोठं आहे, सोबत पाच पानांचं नोटेशन आणि फोनवर केलेलं रेकॉर्डिंगही आहे, त्यामुळे मुख्य भाग तेवढा इथे देते:

"मी ४१ वर्षांची आहे, लहानपणी सात वर्षं पेटी शिकले, नंतर चार वर्षं पियानो. आता घरीच सहा मुलांना कीबोर्ड शिकवते. यातली एक नऊ वर्षांची मुलगी फारच अबोल आहे पण तिचा हात फार गोड आहे. आमच्या छोट्या कार्यक्रमात प्रत्येकाला एक मिनिट मिळतं, तर तिच्यासाठी मीच एक पीस लिहायचं ठरवलं. पहिल्यांदा लिहिला तेव्हा तो पाऊण मिनिटाचा होता, मैत्रिणीला ऐकवला तर ती म्हणाली 'एवढंच?' मग मी तो वाढवत गेले आणि आता तो ४ मिनिटं १० सेकंदांचा झालाय. माझ्या गुरुजींनी विचारलं हा राग कुठला, आसावरी म्हणावा तर आरोहात गंधार कसा. पियानोच्या सरांनी सांगितलं डाव्या हातात पॅरलल फिफ्थ्स आहेत, चूक आहे. घरी पियानो नाही, ६१ कीजचा कॅसिओ आहे, त्यावर खरं कंपोझिशन होतं का हाही प्रश्न आहे. एका मिनिटाच्या पीसला कुणी रचना म्हणतं का? का गपचूप पुस्तकातलं काहीतरी शिकवून मोकळी होऊ? (रेकॉर्डिंगमध्ये आठव्या बारला कागद स्टँडवरून घसरला म्हणून डावा हात लागलेला नाही, तेवढं सोडून ऐका.)"

ताई, आधी एक सांगते, तुमचं रेकॉर्डिंग मी आठवडाभरात किती वेळा ऐकलं असेल याचा हिशोब नाही, आणि दरवेळी मी एकाच जागेची वाट बघत होते, ती म्हणजे तुम्ही सोडून द्यायला सांगितलेली जागा, तो आठवा बार, म्हणजे मात्रांचा आठवा गट. एकोणिसावा सेकंद. उजव्या हातात तुमची ती ओळ खाली येत येत रे वर येते, आता खालून डावा हात येणार असं कानाला अगदी पक्कं वाटतं आणि तो येतच नाही, तो रे एकटाच हवेत राहतो, मागे कागदाचा सर्रकन आवाज येतो, आणि मग तुम्ही परत प वरून सुरू करता. माझ्या अंगावर काटा आला तिथे, खरंच सांगते. चार मिनिटं दहा सेकंदांत तो पीस मला पहिल्यांदा आणि शेवटचा दिसला तो तिथे, आणि तो कागद घसरला नसता तर तोही दिसला नसता.

म्हणून पुस्तकातलं काही शिकवू नका. पीस आहे तुमच्याकडे. फक्त त्याच्यावर साडेतीन मिनिटांचं सामान येऊन पडलंय ते उचलायचंय.

ते सामान कुठून आलं ते तुम्हीच लिहिलंय, मैत्रिणीच्या "एवढंच?" मधून आलं. मला हा शब्द फार जवळून माहितीये म्हणून त्याबद्दल थोडं माझं सांगते.

माझ्याकडे एक जुना उभा पियानो आहे, पुण्यात कॅम्पातल्या एका घरातून सेकंडहँड घेतलेला. एका पावसाळ्यात त्याची मधल्या सप्तकातली प ची की, म्हणजे पाश्चात्त्य 'जी', अडकायला लागली. दाबली की खाली जायची आणि वर यायचीच नाही. हे होतं पावसात, कीच्या खाली जी खिळी असते तिच्या भोवती कापडाचं अस्तर असतं, ते दमट हवेत फुगतं आणि की घट्ट बसते. ट्यूनर म्हणाला आता काढण्यात अर्थ नाही, ऊन पडू दे, ऑक्टोबरनंतर येतो. मला तर रोज सकाळी बसायची सवय, मग मी प टाळून वाजवायला लागले. आधी चिडचिड झाली, सा आहे आणि प नाही म्हणजे पायाखालची फरशीच काढून घेतल्यासारखं, मग खालचा प वरचा प असं करून भागवत होते. आणि एक दिवस लक्षात आलं की मी तेही घेत नाहीये, कुठल्याच सप्तकातला प नाही, आणि म आणि ध हे दोघं त्या रिकाम्या जागेच्या दोन बाजूंना उभं राहून एकमेकांशी काहीतरी वेगळंच बोलतायत. मालकंसात, मारव्यात प वर्ज्य असतो हे मला शाळेपासून पाठ होतं, पण वर्ज्य म्हणजे काय हे मला हातात कळलं ते त्या अडकलेल्या कीमुळे. एक स्वर बाहेर काढला की बाकीच्यांच्या नात्यात फरक पडतो.

त्यातून अठरा बारचा एक पीस झाला, पन्नास सेकंदांचा. जुलै ते नोव्हेंबर गेले त्यात. नोव्हेंबरात ट्यूनर आला, त्याने पकडीसारख्या हत्याराने ते अस्तर दाबून की मोकळी केली, मला इतका आनंद झाला की मी सात ठिकाणी प घातला, आणि संध्याकाळी वाजवून बघितलं तर पीस गेलेला. सूर सगळे बरोबर आणि पीस गायब. मग एकेक करून काढत गेले, सहा काढले आणि शेवटून दुसऱ्या बारमधला एक ठेवला, तो अजून आहे.

तर हा पीस एका छोट्या हॉलमध्ये वाजवला, आणि शेवटचा सूर विरायच्या आत मागून कुणीतरी अगदी सहज म्हणालं, "एवढंच?" त्यात वाईट हेतू नव्हता, त्या माणसाला खरोखरच पुढे काहीतरी येईल असं वाटलं होतं. पण मला ते लागलं, इतकं लागलं की पुढच्या कार्यक्रमाच्या आधी मी त्याला सव्वा मिनिटाचं शेपूट जोडलं, मोठे कॉर्ड्स, तार सप्तकापर्यंत चढत जाणारी तान वगैरे, टाळ्याही चांगल्या पडल्या, आणि दोन वर्षं मी तो पीस त्या शेपटासकट वाजवत राहिले. त्या दोन वर्षांत मला तो घरी एकटीने वाजवावासा एकदाही वाटला नाही. हे लक्षात यायला मला दोन वर्षं लागली, तुम्हाला इतकी लागू नयेत म्हणून हे सगळं लिहितेय.

आता तुमच्या पानांकडे येऊ. ३/४ आहे, म्हणजे बारमध्ये तीन मात्रा, आणि टेम्पो ७२ लिहिलाय, म्हणजे मिनिटाला ७२ मात्रा. पहिल्या आठ बारमध्ये तुमची जी ओळ आहे, प, कोमल ध, प, आणि मग कोमल ग, रे, सा, ती अख्खी ओळ त्या पहिल्या अर्ध्या सुरावर उभी आहे, प वरून कोमल ध ला जाऊन परत येणं. एक छोटासा उसासा आहे तो. नवव्या बारपासून पुन्हा तेच. सतराव्याला तुम्ही एकदम शुद्ध गंधारात जाता, मेजर होतं, का तर कुठेतरी ऐकलं की बी सेक्शन, म्हणजे मधे एक वेगळा भाग, पाहिजे. मग एक फास्ट भाग, तो सहा मुलांपैकी कुणालाच वाजणार नाही, तो तुमच्या हाताने तुमच्यासाठी लिहिलाय. मग पहिली ओळ परत, आणि शेवटी दोन्ही हातांत भरघोस कॉर्ड्स, मालिकेचा एपिसोड संपल्यासारखे. ताई, हे चार वेगवेगळे पीस आहेत आणि चारही एकमेकांना बोलू देत नाहीयेत. फास्ट भाग वाईट नाही हं, उलट त्यातली ती डाव्या हाताची उडी मला आवडली, पण तो दुसऱ्या वहीत जाऊ दे. संगीतकार शूमाननं १८३८ मध्ये त्याच्या होणाऱ्या बायकोला, क्लाराला, लिहिलेल्या पत्रात सांगितलंय की त्याने तीसेक छोट्या गोष्टी लिहिल्या आणि त्यातल्या निवडून काढल्या, शेवटी छापले ते तेरा, तेच त्याचे लहानपणाचे म्हणून प्रसिद्ध असलेले पीसेस. उरलेल्यांपैकी काही पुढे कित्येक वर्षांनी दुसऱ्या संग्रहांत आले. त्यामुळे कापताना जीव तुटतो तेव्हा फेकतोय असं समजू नका, वही बदलतोय एवढंच.

तुमचा तो प, कोमल ध, प ऐकल्यावर मला लगेच शोपँचा ई मायनरमधला प्रिल्यूड, म्हणजे पियानोचा एक छोटा स्वतंत्र पीस, आठवला, तुम्ही पियानोच्या क्लासला तो ऐकला असेलच. त्याच्या सुरुवातीला उजव्या हातात काय आहे बघा, ई ला सा धरला तर प वर लांब थांबायचं, कोमल ध ला स्पर्श करायचा, परत प. परत तेच. परत तेच. पहिले तीन बार उजवा हात यापलीकडे काही करतच नाही. सगळं होतं ते डाव्या हातात, तिथे कॉर्ड्स सारखे ठोकत राहतात आणि त्यातला एखादाच सूर अर्ध्या सुराने खाली सरकतो, मग दुसरा, मग तिसरा, म्हणजे वरचं माणूस एकच शब्द पुन्हा पुन्हा बोलतंय आणि खाली जमीन हळूहळू खचतेय. आणि शेवटी, हे तुमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे, शेवटाच्या तोंडावर एक कॉर्ड येतो, आणि मग शांतता, फर्माटासकट लिहिलेली शांतता, वाजवणाऱ्याला वाटेल तितकी. त्यानंतर अगदी हळू तीन कॉर्ड्स आणि संपलं. सगळे मिळून पंचवीस बार. १८४९ मध्ये शोपँच्या अंत्यविधीला पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये हाच प्रिल्यूड ऑर्गनवर वाजवला होता. तिथे पंचवीस बार पुरले.

तुमच्या कागदाने आठव्या बारला जे केलं ते शोपँने शेवटाजवळ मुद्दाम लिहून ठेवलंय. तुमची जागा त्याच्यापेक्षा लवकर आलीये, आणि मला ती तिथेच आवडते.

कॅसिओचं काय, तर शोपँ हे प्रिल्यूड्स पुरे करत होता तेव्हा १८३८-३९ च्या हिवाळ्यात तो मायोर्का बेटावर वाल्देमोसाच्या जुन्या मठात आजारी होता, पॅरिसहून मागवलेला प्लेएल पियानो त्याच्यापर्यंत पोचायला जानेवारी उजाडला, तोपर्यंत तिथलाच एक खराब पियानो होता त्यावर भागवलं. तुमच्या ६१ कीजमध्ये हा पीस आरामात मावतो. फक्त पियानोचाच टोन ठेवा, जो दाबल्यावर हळूहळू विरतो, स्ट्रिंग्जचा किंवा ऑर्गनचा लावू नका. कारण तुमच्या पीसचा सगळा जीव त्या विरण्यात आहे. पेटीवर सूर भात्याच्या जोरावर हवा तितका टिकतो, त्या सवयीने आपण पेटीवाले लोक कीबोर्डवरही सूर भरत राहतो, मधे पोकळी आली की घाबरतो. पियानोचा सूर जन्मल्यापासून मरायलाच लागलेला असतो, आणि तो मरताना ऐकायला वेळ द्यायचा असतो.

आता गुरुजींचं म्हणणं. ते बरोबर बोलतायत, आसावरीच्या आरोहात ग आणि नी नसतात आणि तुमच्या पाचव्या बारमध्ये सा रे ग प असं चढणं आहे. पण त्यावर "चुकलं" असं म्हणायची गरज नाही, "हा आसावरी नाही" एवढंच म्हणायचं आणि नमस्कार करायचा. राग म्हणून मांडलं तर रागाचे नियम पाळायला हवेत, त्यात मी एक तसूभरही सूट मागणार नाही. पण पाच सहा सूर एका विशिष्ट क्रमाने आले म्हणून तो राग होत नाही. आणि दुसरी गोष्ट, तुम्ही कोमल ध वर कीबोर्डचं ते बेंडचं चाक फिरवून आंदोलन, म्हणजे सुराचं ते हळुवार झुलणं, द्यायचा प्रयत्न केलाय, दोनदा, ते काढा. गळ्यातलं आंदोलन त्या चाकातून येत नाही, आणि आपला कान लगेच ओळखतो की हे उसनं आहे. त्यापेक्षा गळ्याला जे जमत नाही ते कीबोर्डला जमतं ते वापरा, प आणि कोमल ध दोन्ही एकाच वेळी वाजू शकतात. एका गायिकेला हे या जन्मात शक्य नाही. याच्याकडे मी परत येते.

गुरुजींशी बोलताना त्यांना एका मिनिटाचं कौतुक सांगायला बंदिशीचं उदाहरण देऊ नका मात्र. मला माहितीये मोह होतो, चार ओळींची तर असते बंदिश असं म्हणायचा. पण बंदिशीच्या चार ओळी या पुढे तासभर उलगडायच्या म्हणून बांधलेल्या असतात, त्यात तशा मोकळ्या जागा ठेवलेल्या असतात. तुमच्या पीसला पुढे कुणी आलापी करणार नाहीये. ती मुलगी उठून जाणार आहे. म्हणून त्यात बी आणि झाड दोन्ही त्या एका मिनिटातच पाहिजे.

आणि सरांच्या पॅरलल फिफ्थ्स. सरांचा नियमही खरा आहे, पण तो कशासाठी आहे ते बघा. दोन आवाज स्वतंत्र चालायला हवे असतील आणि ते पंचमाच्या अंतराने जोडीने सरकायला लागले तर ते दोन राहत नाहीत, एक होतात, म्हणून तिथे ते टाळतात. तुमचा डावा हात सा-प, सा-प धरून बसलाय, तो दोन आवाजांचा दावाच करत नाहीये, तो तंबोरा आहे. फ्रेंच संगीतकार दब्यूसीने तर असे पंचम जोडीने चालवून त्यातून पूर्ण रंग तयार केला. पण, हे पण महत्त्वाचं आहे, तुम्ही तेराव्या बारला तोच सा-प उचलून कोमल नि आणि म वर नेता आणि परत आणता, तिथे सरांचं खरं आहे. तंबोरा असा उठून दुसऱ्या खोलीत जात नाही. तिथे ऐकायला पोकळ लागतं, तुम्हालाही लागलं असणार कारण तुम्ही तिथे पेडल दाबून धरलंय.

मग तिथे काय करायचं? मी रात्री बसून एक करून बघितलं, तुम्हाला पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या, पीस तुमचा आहे. आधी त्या मुलीचा पंजा डोळ्यासमोर आणा. नऊ वर्षांची आहे. तुम्ही डाव्या हातात सा, प आणि वरचा कोमल ग असं लिहिलंय, तो तिच्या पंजात कुठून मावणार, तिला उडी मारावी लागेल आणि उडी मारताना तिचं सगळं लक्ष तिकडेच जाईल. उजवा हात तुम्ही तार सप्तकात ठेवलाय तो छान आहे, तिथे सा वर अंगठा ठेवला की करंगळी बरोब्बर कोमल ध च्या काळ्या पट्टीवर जाते, थोडी ताणून, आणि ते ताणणं मला हवंय, कारण उसासा टाकायला कष्ट पडतात. डावा हात मात्र असा करा: मंद्रातला प करंगळीखाली, तो शेवटपर्यंत हलवायचाच नाही. अंगठा सा वर. पहिले आठ बार एवढंच. नवव्या बारपासून ओळ तीच राहू दे, एकही सूर बदलू नका, फक्त अंगठा बाजूच्या सुरावर सरकवा, सा वरून नि, दोन बारनंतर कोमल नि, मग शुद्ध ध, मग कोमल ध.

बघा काय होतं. पहिल्यांदा नि येतो तेव्हा वरचा कोमल ग त्याच्यावर टोचतो, टोचू द्या, घाबरू नका. आणि शेवटी अंगठा कोमल ध वर पोचतो तेव्हा करंगळी प वरच आहे, म्हणजे तुमच्या ओळीतला तो प आणि कोमल ध, जो आतापर्यंत वर एकामागोमाग एक येत होता, तो खाली डाव्या हातात एकाच वेळी वाजायला लागलाय. मघाशी म्हणाले ना याच्याकडे परत येते, ते हे. मला हे सापडलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि मी हेडफोन काढून मोठ्याने "अरे!" म्हणाले. आणि यात माझं काही नाही, ते तुमच्या पहिल्या तीन सुरांतच होतं. शिवाय त्या मुलीचा हात या सगळ्यात आकसत जातो, मोठा करावा लागत नाही.

लहान हातांसाठी लिहिणं ही काही दुय्यम गोष्ट नाही हं ताई. बाखने १७२० मध्ये आपल्या थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडमानसाठी, एक वही सुरू केली तेव्हा तो मुलगाही नऊ वर्षांचाच होता. त्या वहीतले दोन आवाजांचे पंधरा पीसेस त्याने १७२३ मध्ये नीट उतरवून काढले आणि मुखपृष्ठावर लिहिलं की यातून नुसतं वाजवणं नाही तर गात असल्यासारखं वाजवणं आणि रचना करण्याची चवही शिकणाऱ्याला लागावी. त्यातला पहिला, सी मेजरचा, सुरू होतो तो सा रे ग म रे ग सा असा. आपण पेटीवर पहिल्या महिन्यात घोकतो तो पलटा! तेवढ्या सात सुरांतून बावीस बार उभे आहेत, कधी उलटे करून, कधी डाव्या हातात देऊन, कधी प वरून सुरू करून. त्यात बी सेक्शनसाठी बाहेरून काही आणलेलं नाही.

७२ टेम्पोला ३/४ चे २४ बार म्हणजे बरोब्बर एक मिनिट होतं. तुमच्याकडे नवे सोळा बार तर तयारच झाले की, आठ पहिले आणि आठ हे सरकणारे. आता राहिले आठ. तिथे मी काही सुचवणार नाही, फक्त एवढंच की कोमल ध आणि प तो डाव्या हातात एकत्र वाजून झाल्यावर दोन्ही हात एकदा उचलले जाऊ द्यात, आठव्या बारसारखेच, पण या वेळी जास्त वेळ. आणि शेवटी सा द्यायचा का नाही हे वाजवून ठरवा. मी असते तर दिला असता, पण डाव्या हाताला, एकच, हळू. तुम्हाला रे वरच सोडून द्यावंसं वाटलं तरी मला चालेल. ते भरघोस कॉर्ड्स मात्र नकोत, ते मैत्रिणीला उत्तर आहे, त्या मुलीला त्याचं काय करायचंय.

कापताना एक करा, कागदावर कापू नका. पेन्सिल बाजूला ठेवा आणि वाजवता वाजवता जिथे पुढे जावंसं वाटत नाही तिथे हात खाली घ्या. असं चार दिवस, वेगवेगळ्या वेळी. सकाळी जिथे थांबाल त्याच्या पुढे रात्री जाल, दमल्यावर आधीच थांबाल. चार दिवसांनी जी जागा दोन तीनदा आली असेल ती धरा. रेकॉर्डिंग करा, पण त्याच दिवशी ऐकू नका, त्या दिवशी हातांना काय करायचं होतं तेच कानाला ऐकू येतं.

मिनिटाच्या पीसला रचना म्हणतात का असं विचारलंय तुम्ही. संगीतकार शोनबर्गने १९११ मध्ये, दुसरा संगीतकार मालर गेल्यानंतर महिन्याभराच्या आत, एक पियानो पीस लिहिला, त्यात नऊ बार आहेत, दोन कॉर्ड्स लांबच्या घंटेसारखे परत परत वाजतात आणि शेवटी "श्वासासारखं" अशी सूचना आहे. शंभर वर्षांहून जास्त झाली, जगभरात वाजवतात. मला तो ऐकताना कधीही किती बार झाले ते मोजावंसं वाटलं नाही.

आणि मैत्रिणीवर रागावू नका. तिने जे ऐकलं ते पाऊण मिनिटाचं व्हर्जन तुम्ही मला पाठवलेलं नाही, पण नोटेशनच्या पहिल्या पानावर खोडलेलं दिसतंय, त्यात आठव्या बारला डावा हात व्यवस्थित लागलेला आहे, म्हणजे तिने तो पीस ती जागा नसताना ऐकला. तिला काहीतरी राहिलंय असं वाटलं असेल तर ते खरंच राहिलं होतं. तुम्ही ते लांबीत शोधायला गेलात आणि ते कागद घसरल्यावर सापडलं.

आता शेवटचं काम. नोटेशनमध्ये आठव्या बारच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेवर डाव्या हाताला रेस्ट, म्हणजे न वाजवता थांबायची खूण, लिहा, ठळक, शाईने. मग त्या मुलीला पीस शिकवा, पण या रेस्टबद्दल आधी काही समजावून सांगू नका, "इथे हळवं व्हायचं" वगैरे तर अजिबात नको. नुसतं वाजवायला द्या आणि तुम्ही तिच्या बाजूला नाही, मागे बसा. ती तिथे आली की तिच्या खांद्याकडे बघा, थांबते का घाईने पुढे जाते. पहिल्या दिवशी घाईनेच जाईल बहुतेक. ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी मला लिहा, आणि रेकॉर्डिंग पाठवाल तर मागचे आवाज काढून टाकू नका.